शरदातलं जुनेर

पितृपंधरवडा उतरणीला लागला की कृष्णाकाठच्या गावांतून घराघरातलं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. वाकळा, गोधड्या, चादरी, घोंगड्या, जाजमं, उशांचे अभ्रे. पावसाळाभर अडगळीच्या खोलीत दमटलेलं, कुबट वास धरलेलं सगळं ट्रॉलीत नाहीतर टमटममध्ये भरून नदीवर जातं. याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. घट बसायच्या आत घरातली चिंधीन्चिंधी पाण्यातून निघाली पाहिजे, हा दंडक. पुरुषमाणसं जाळ्या-जळमटं काढतात, माळ्यावरचे डबे उतरवतात. घाटावरचं काम बहुतेक बायकांचं. सोड्याच्या उकळत्या पाण्यात भिजवलेली वाकळ खडकावर आपटली जाते तेव्हा नदीच्या पलीकडच्या काठावरून तिचा आवाज जरा उशिरा परत येतो. त्या सोड्याचा आणि साबणाचा नदीला त्रास होतोच; पण वर्षाचं हे धुणं घरच्या मोरीत मावणारं नसतं.

वाकळ एकटीला पिळता येत नाही. कोरडी असताना काखेत मारून नेता येते, भिजली की म्हशीसारखी बसून राहते. मग दोघी दोन टोकांना उभ्या राहतात, उलटसुलट पीळ घालतात आणि मधोमध दाट, मातकट पाण्याची धार लागते. ज्या सासू-सुनांचं महिनाभर बोलणं बंद आहे, त्यांनाही या दिवशी एकाच वाकळेची दोन टोकं धरावी लागतात. "वढ की जरा जोर लावून," एवढं तरी एकीला दुसरीशी बोलावंच लागतं. त्यातून समेट होतोच असं नाही, पण वाकळ वाळायच्या मार्गाला लागते.

खडकांवर, कुंपणावर, बाभळीच्या झुडपांवर पसरलेल्या वाकळांवरून कुणाच्या घरात काय चाललंय ते ओळखता येतं. लहान मुलाची दुपटी दिसली की कुणाकडे पाळणा हलला ते कळतं. एखाद्या जाडजूड वाकळेवर कोऱ्या रंगाची, न विटलेली साडी दिसली तर बाया गप्प होतात. बाई गेली आणि तिची चांगली लुगडी वापरात घ्यायला कुणाला धीर झाला नाही, म्हणून ती वाकळेत गेली. उसवलेलं, फाटलेलं, उंदरांनी कुरतडलेलंही याच दिवशी उघड्यावर येतं. नवी वाकळ घालायचं मोठं काम खरं उन्हाळ्यातलं. तेव्हा शेत रिकामं असतं, दिवस मोठा असतो आणि ओसरीवर ऐसपैस अंथरून बसता येतं. आश्विनातलं काम डागडुजीचं. धुऊन वाळलेल्या वाकळेला ठिगळ लावायचं, सुटलेल्या टाक्यांवर पुन्हा टाके घालायचे, कडेची पट्टी बदलायची आणि कार्तिकातल्या पहिल्या थंडीला ती तयार ठेवायची.

गोधडीचा हिशेब सोपा आहे. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरचा होतो, म्हणजे माणसाच्या लांबीला पुरून वर थोडा उरणारा. चारही एकावर एक घातले की एकट्याला पुरेल अशी चौघडी तयार. जाड वाकळ हवी असेल तर आणखी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी आत घालायच्या. कापूस भरायचा नसतो. ऊब येते ती थरांच्या मध्ये कोंडलेल्या हवेमुळे आणि ती हवा जागच्या जागी धरून ठेवतात ते टाके. धावदोरा कडेपासून सुरू होतो. चारही बाजूंनी फेरा पूर्ण झाला की बोटभर आत सरकून दुसरा, मग तिसरा. असं चौकोनात चौकोन घालत बाई मध्यावर येते आणि शेवटच्या लहानशा चौकात दोरा बांधून टाकते. कापड कितीही थरांचं असलं तरी कडेकडून आत आल्यामुळे चुण्या पडत नाहीत. कापूस भरलेल्या गादीला पिंजारी लागतो. इथे ज्यांनी कापड नेसून विटवलं, त्यांचेच हात पुरतात.

विटवलं हेच महत्त्वाचं. नव्या कापडाची गोधडी अंगाला टोचते. खळ उतरलेली नसते, सूत आवळलेलं असतं. शेकडो वेळा धुतलेल्या सुती लुगड्याचा धागा सैल, मऊ झालेला असतो, तो घाम शोषतो आणि सुईलाही सहज वाट देतो. म्हणून बाळाच्या दुपट्याला घरातलं सगळ्यात जुनं कापड शोधतात. नवजात जिवाच्या अंगाला सर्वांत आधी लागावं ते पणजीचं लुगडं. यात भावना आहेच, पण त्याआधी व्यवहार आहे. त्याहून मऊ कापड घरात दुसरं नसतं.

माझ्याकडे आजीची एक वाकळ आहे. वरचा थर हिरव्या इरकलीचा. काठ गोमी नक्षीचे, त्यांचा रंग आता मातीवर आला आहे. जिथे निऱ्या येत तिथलं कापड अजून गडद आहे, आणि बसून बसून मागची बाजू विरलेली. त्यामुळे एकाच लुगड्याच्या चार तुकड्यांना चार वेगळ्या हिरव्या छटा आल्या आहेत. कोपऱ्यात एका ठिकाणी थर उसवले होते, तिथून आत डोकावता आलं. इरकलीखाली आजोबांचं धोतर, त्याखाली साखरेच्या पोत्याचं मांजरपाट, त्यावर निळ्या छापाच्या अक्षरांचा पुसट तुकडा, आणि त्याखाली कुणाच्या तरी शाळेच्या खाकी चड्डीची बाजू, शिलाईसकट. बाहेरून वाकळ एका बाईची दिसते, आत घरातले सगळे एकमेकांवर निजलेले. टाके एकसारखे नाहीत. काही फेऱ्यांत तांबडा दोरा, काहींत पांढरा. जिथे पांढरा सुरू होतो तिथून टाके लांब झाले आहेत. दोरा बदलला की हात बदलला, हे मला पुढे एका गोधडीवाल्या मावशींनी बोट फिरवून दाखवलं. बहुधा आजीची नजर उतरल्यावर उरलेले फेरे मोठ्या काकूंनी घातले असावेत.

हे सगळं सुती कापडाच्या जोरावर चाललं होतं. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे त्या गावाच्या मागांवरून निघालेली साधी सुती लुगडी, धोतरं, पातळं दक्षिण महाराष्ट्रातल्या घराघरात गेली. तीच वीसेक वर्षांनी वाकळेत आली. मग टेरिलीन, नायलॉन, पॉलिएस्टर आलं. न विटणारी, इस्त्री न लागणारी साडी कुणाला नको होती? नेसायला ती सोयीची होती, वाकळेला मात्र निकामी. थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषला जात नाही. म्हणून पॉलिएस्टरच्या साड्या बोहारणीकडे गेल्या आणि त्यांच्या बदल्यात स्टीलची पातेली, प्लॅस्टिकचे टब आले. बोहारीण आणि वाकळ या एकाच जुनेरावर डोळा ठेवून बसलेल्या दोघी. कुणाच्या वाट्याला काय जायचं ते घरच्या बाईने ठरवायचं.

वाकळ नदीवरून परत येते आणि त्याच आठवड्यात घरात एकदम वेगळी कलाकुसर सुरू होते. घटस्थापनेला परडीत किंवा पत्रावळीवर काळी माती पसरायची, तीत गहू, ज्वारी, जव, हरभरा असं धान्य पेरायचं, मध्ये घट ठेवायचा आणि वर रोज एक माळ चढवायची. कधी कारळ्याच्या पिवळ्या फुलांची, कधी तिळाच्या, कधी झेंडूची. देवघराच्या अंधारात धान्याला पुरेसा उजेड मिळत नाही, म्हणून कोंब हिरवे न होता पिवळेधमक, लांबसडक वाढतात. दसऱ्याला ते उपटून पुरुष टोपीत खोवतात, बायका केसांत माळतात. बाकीचं पाण्यात सोडायचं. नऊ दिवसांची शेती, पीक हाती आलं की संपली.

पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरणारा भोंडला, हस्त नक्षत्र लागलं की सुरू होणारा हादगा, विदर्भ-खानदेशातली भुलाबाई, हेही सगळं याच दिवसांतलं. दसऱ्याला झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण. कोकणात आणि गोव्यात भाताच्या ओल्या लोंब्या, नाचणीची कणसं, आंब्याची पानं आणि कुरडूची फुलं एकत्र बांधून दाराला नवं बांधतात. मग दिवाळी. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, पतंगाचा कागद, मैद्याची खळ, कोपऱ्यांना करंज्या आणि खाली झिरमिळ्या असा आकाशकंदील. अंगणात विटांवर गोणपाट टाकून त्यावर चिखल लिंपलेला किल्ला. त्याच्या उतारावर आळीव पेरलं की दोन-तीन दिवसांत हिरवळ उगवते आणि मातीचे मावळे गवतात गुडघाभर बुडतात. उंबऱ्यासमोर रांगोळी, जी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्याच हाताने झाडून टाकायची.

हे सारं कोवळं, ताजं, रसरशीत साहित्य आणि त्याचं आयुष्य एक दिवस, नऊ दिवस, फार तर तुळशीच्या लग्नापर्यंत. उलट ज्या कापडाचा जीव संपला असं म्हणावं, फाटलं, विटलं, उसवलं, त्याची मात्र घरात वीस-वीस वर्षं टिकणारी वस्तू होते. ही विभागणी कुणी मुद्दाम केलेली नाही, पण शरदातल्या घरकामात ती पक्की बसली आहे. ताजं आहे ते जाऊ द्यायचं आणि वापरून झालंय ते राखायचं. ताज्या गोष्टीबद्दल आपल्याला खात्री असते, पुढच्या वर्षी झेंडू पुन्हा फुलणार, भात पुन्हा पोटरीत येणार. ते साठवून ठेवण्यात अर्थ नाही, जागाही नाही. आजीचं लुगडं मात्र पुन्हा विणून येणार नाही.

अलीकडे शहरातल्या घरांत नवरात्राच्या सुमाराला नारिंगी-तांबड्या मॅपलच्या पानांच्या कृत्रिम माळा दिसू लागल्या आहेत. अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये झाडं खरोखरच पेटल्यासारखी होतात, तिथल्या गोधड्यांवरही मॅपलच्या पानाचा चौकटीतला नमुना पिढ्यान्पिढ्या शिवला जातो. दारातली पानगळ कापडावर उतरवणं तिथे स्वाभाविक आहे. आपल्याकडे आश्विनात पान गळत नाही. डोंगर अजून हिरवे, ओढे वाहते, ज्वारी पेरायची घाई, पानगळ यायची ती पार माघ-फाल्गुनात. त्यामुळे फ्लॅटच्या दाराशी लोंबणारं मॅपल, त्याच्या शेजारी आपट्याची पानं आणि बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, अशी गंमत होते. याचा राग धरण्यात अर्थ नाही. दसऱ्याचा झेंडू तरी कुठे इथला? तोही मूळचा मेक्सिकोचा, आणि तिथले लोक नोव्हेंबरच्या सुरुवातीला आपल्या मृतांच्या आठवणीसाठी त्याचीच आरास करतात. झेंडू आपलासा झाला, कारण तो इथल्या मातीत उगवतो आणि वेळेवर सुकतो. प्लॅस्टिकच्या मॅपलची अडचण परकेपणाची नाही. ते सुकत नाही, दिवाळी झाली तरी लोंबतच राहतं, मग धूळ खातं, आणि टाकायला गेलं तर कुठे टाकावं ते समजत नाही.

गोधडी ही काही एका गावाची मिरास नव्हे. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी हे तिचेच नातलग. सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेलेले. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून अनेकांनी या जंगलांचा आसरा घेतला. त्यांच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्याही कडेपासून सुरू करून मध्यावर येतात, पण रंगीत तुकडे लहान-लहान आणि एकमेकांवर चढवलेले. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय कवंदी पूर्ण होत नाही. फुलं नसतील तर ती उघडी-नागडी दिसेल, असं त्या मानतात. जवळ काहीच नसताना घर सोडलेल्या लोकांच्या वंशजांनी चिंध्यांच्या पांघरुणालाही दागिन्याशिवाय बाहेर काढू नये, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे गोधडीला असा दागिना क्वचितच मिळाला, पण मान मिळाला. गाडगे महाराजांच्या अंगावर चिंध्यांची गोधडी आणि हातात खराटा असे. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. गावात शिरल्या शिरल्या आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा क्रम. फाटकं अंगावर घ्यायचं आणि घाण मात्र सहन करायची नाही, हे दोन्ही त्यांच्या ठायी एकत्र नांदलं. घाटावर वाकळ आपटणाऱ्या बाईलाही हा फरक चांगला ठाऊक असतो. वाकळ फाटकी असल्याची तिला लाज नसते, मळकी असेल तर मात्र ती चार बायकांत उलगडायला धजत नाही.

दसऱ्यानंतर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक मावशी गोधड्या शिवायला येतात. ताडपत्री अंथरतात, तिच्यावर थर पसरतात, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवतात आणि मांडी घालून कडेपासून सुरुवात करतात. दाभणाने नव्हे, लांब सुईने. एका वेळी सुईवर चार-पाच टाके भरून घेतात आणि मग दोरा ओढतात. मी आजीच्या वाकळेवर घालायला साड्या नेल्या तेव्हा त्यांनी एकेक चिमटीत धरून पाहिली.

"ताई, ही टेरिकॉटची हाय. सुई सरकतीया, पर धरत न्हाई."

"मग वर नको, आत घाला ना मावशी."

"आत तर आजिबात नको. वरची सुती आणि आतली गुळगुळीत, म्हंजी चार म्हैन्यांत आत बोळा व्हतोय." मग पिशवीत हात घालून त्यांनी माझ्या मुलीचे जुने टी-शर्ट बाहेर काढले, उलटसुलट ताणून पाहिले आणि म्हणाल्या, "हे बरं हाय की. ताणतंय जरा, पर सूत खरं हाय."

मुलीला आश्चर्य वाटलं. कॉलेजच्या नाटकाचा, गडावरच्या ट्रेकचा, कुठल्याशा मॅरेथॉनचा असे छापील टी-शर्ट तिने टाकायला काढले होते. मावशींनी बाह्या कापल्या, छातीचे आणि पाठीचे चौकोन काढले, ताणू नयेत म्हणून मागे जुन्या चादरीचं अस्तर लावलं आणि ते इरकलीच्या विरलेल्या जागांवर बसवले. आता हिरव्या लुगड्याच्या एका कोपऱ्यावर गडाचं नाव आहे. मुलगी ती वाकळ आपल्या खोलीत घेऊन गेली आहे. थंडीसाठी घेतली की स्वतःच्या आठवणी शोधण्यासाठी, ते मी विचारलेलं नाही.

धुण्याचा प्रश्न मात्र दरवर्षी अवघड होत चालला आहे. घरच्या वॉशिंग मशीनला भिजलेली वाकळ पेलत नाही. गच्चीवर वाळत घालायला काही ठिकाणी नियम आडवे येतात. आणि ऊनही भरवशाचं राहिलेलं नाही. हस्ताची सर पूर्वीही यायची, पण ती येऊन जायची. हवामान खात्याने 2020 मध्ये मान्सूनच्या नेहमीच्या तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर गेली. घटस्थापना मात्र आपल्या तिथीलाच येते. त्यामुळे दसरा काढायचा तो पावसाच्या तावडीत सापडूनच. थरांच्या आत ओल राहिली की वाकळेला वास धरतो आणि सूत कुजायला लागतं. बाया आता दोन टप्प्यांत काम करतात. पितृपक्षात चादरी-अभ्रे धुऊन घेतात, वाकळा मात्र कोजागरीनंतरच्या कडक उन्हासाठी ठेवतात. तिथी मोडल्याची हळहळ वाटते, पण वाकळ वाचते.

मोठ्या दुकानांत हल्ली गोधड्या मिळतात, देखण्या असतात आणि किंमतही बरीच असते. त्यातल्या पुष्कळशा बचतगटातल्या बायकांनी शिवलेल्या असतात, म्हणजे पैसे योग्य हाती जातात. फक्त त्यांचं कापड नवं असतं. त्या घ्याव्यात आणि वापराव्यात, वीस वर्षांत त्याही मऊ होतील. बाकी सगळं तर आता विकतच येतं: तोरण, कंदील, आपट्याची पानं, रुजवलेले घट, रंगवलेला तयार किल्लासुद्धा. त्याबद्दल मला फारशी तक्रार नाही. जे चार दिवसांत जाणारच आहे, ते कुणी का बनवलेलं असेना. गोधडीचं तसं नाही. तिची शिलाई विकत मिळते, सुई-दोरा मिळतो, मावशीही भेटतात; पण आत घालायचं जुनेर कुठल्याच दुकानात नसतं, ते आपल्यालाच आधी नेसून विटवावं लागतं. म्हणून यंदा बोहारीण दारात आली की तिला पॉलिएस्टरच्या साड्या खुशाल द्याव्यात, पातेलं घासाघीस करून घ्यावं, आणि सुती गठ्ठा मात्र आधीच आतल्या खोलीत सरकवून ठेवावा. तो दिसला तर ती मागितल्याशिवाय राहायची नाही, कारण चांगल्या सुताची पारख तिलाही आहे.